पाचव्या खुर्चीचं माप

१

भिलाईत, सेक्टर दहाच्या कारखान्याच्या क्वार्टरात आम्ही सतरा वर्षं जमिनीवर बसून जेवलो, अन् कोणाचं काही अडलं नाही. मंग विष्णूनं, माह्या लेकानं, हुडको कॉलनीत घर घेतलं. नव्या घरात आल्या आल्या दोन गोष्टी झाल्या. विष्णूचे बाबा खाली बसले का वर उठता येईना. ते दुर्गले रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलत, सारी नोकरी उभ्यानं केली, आता गुडघ्यांनी जबाब दिला. अन् डॉक्टरीणबाईनं माह्या सुनेले, कीर्तीले, सांगतलं का खाली बसणं-उठणं बंद.

कीर्तीचं हे तिसरं. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. तवा तिच्या माहेरून आधीच पाळणा आला होता. दुसरं सातव्यात गेलं. तवा तिनं स्वतःच लोकरीचे इवले इवले मोजे विणले होते. मोजे मीच उचलून ठेवले, कुठं ते अजून तिले सांगतलं नाही. या वेळी मी नियम केला. पोटातल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याले गिनतीत धरायचं नाही, त्याच्यासाठी सुताचा धागा घरात आणायचा नाही. हातात आलं का मंग सारं. सगळ्यांनी पाळलं. आता सातवा लागला होता, अन् घरात कोणी त्या गोष्टीवर मोठ्यानं बोलत नव्हतं.

तं टेबल-खुर्च्या पाह्याले आम्ही तीन रविवार फिरलो. सुपेला झालं, पावर हाऊस झालं, दुर्ग झालं. मडकं घेताना बोटाच्या गाठीनं वाजवून पाहते, तसं मी प्रत्येक टेबल वाजवलं. दिसाले आरशासारखं, अन् आवाज बद्द.

"माताजी, इम्पोर्टेड है," दुकानवाला म्हणे.

"हो बाबू, भूसा भी इम्पोर्टेड होगा," मी म्हणे.

"आई, लोगों के सामने ठोको मत ना," विष्णू कानात सांगे.

जे टेबल आवाजाले पक्कं निघे, त्याची किंमत ऐकून विष्णू मोबाईल काढून उगाच काही पाहत राही. ज्याची किंमत झेपे, त्याचे पाय हलत. कीर्ती कुठंतरी स्टुलावर बसून राही, अन् विष्णूचे बाबा फुकटच्या सोफ्यावर डोळे मिटून घेत.

२

शेवटी विष्णूले कारखान्यातल्या त्याच्या पाळीतल्या कोणीतरी वैशाली नगरातलं एक घर सांगतलं. दुकान नाहीच, घरच. समोरच्या दोन खोल्यांत सामान मांडलेलं. मालक श्यामराव. नागपूरकडचा माणूस, काटकुळा, बोलणं कमी. कारखान्यात तीस वर्षं लाकडाचे साचे करत होता. लोखंड ओताच्या आधी तो साचा वाळूत दाबतात, साचा काढला का वाळूत त्याची जागा राहते, त्या जागेत लोखंड भरतात. हे सारं मले त्यानंच सांगतलं, अन् तेवढंच सांगतलं.

सागवानाचं टेबल होतं. पाय सडपातळ, कडा गोल, कुठं खिळ्याचं डोकं दिसत नव्हतं. मी वाजवलं. लाकूड भरीव होतं अन् वाळलेलं होतं. किंमत विष्णूनं दोनदा इचारली, कारण पहिल्यांदा त्याले वाटलं का फक्त टेबलाचीच सांगून राहिला.

"खुर्च्या मापानं होतात," श्यामराव म्हणाला. "जेवाले किती जणं बसता?"

"चार."

"चारही आले का?"

"हे काय, समोरच आहेत."

"मंग बसा."

मागच्या खोलीत गुडघाभर उंच पेटी होती, अन् पेटीत काळी ओली वाळू. तिले गुळाच्या राबेचा, काकवीसारखा, वास येत होता. त्यानं वाळूवर पातळ फडकं टाकलं. एकेकानं बसायचं, क्षणभर अंग सैल सोडायचं, उठायचं. तो वाकून खळगा पाहे, बोटं फिरवे, मंग लाकडी पट्टीनं वाळू सारखी करे अन् पुढच्याले बसवे. टेप नाही, कागद नाही.

विष्णूचे बाबा बसले अन् ओरडले, "अवं, उठव मले! सिग्नल पडला!"

विष्णू बसला. मी बसली. शेवटी कीर्ती. तिले मी दोन्ही हात देऊन बसवलं अन् उठवलं. तिचा खळगा चांगला खोल पडला होता. दोन्ही खेपेले तिचं अंग असं कधी भरलंच नव्हतं. त्या खळग्याकडे पाहून मले बरं वाटलं. एवढंच कारण. श्यामरावनं पट्टी उचलली, अन् माह्या तोंडातून निघून गेलं,

"खुर्च्या पाच करा."

विष्णूनं माह्याकडं पाह्यलं. कीर्तीनं खाली पाह्यलं.

"पाचवं कोण?" श्यामराव म्हणाला.

आता मांगं घेता आलं असतं. पाहुण्यांसाठी म्हणता आलं असतं. मी म्हणलं, "आषाढात येईन ना आता."

त्यानं पट्टी खाली ठेवली. खळग्याच्या तळाशी तळहात टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला. "मंग हे मोडत नाही," म्हणाला. "पाचव्याचं माप यातच आहे."

लहान खुर्ची करायची का मोठी, हे त्यानं इचारलं नाही. ते मले घरी आल्यावर आठवलं.

ऑटोत मी कीर्तीले म्हणलं, "तोंडातून निघून गेलं व बाई."

"जाने दो आई," ती म्हणाली. पण घर येईपर्यंत तिनं पोटावरचा हात काढला नाही.

३

वीस दिवसांनी सामान आलं. टेबल समोरच्या खोलीत मांडलं, खिडकीजवळ. आम्ही आपापल्या खुर्चीत बसलो. माही डावी कंबर जरासी खाली आहे, हे माह्या नवऱ्याले पन्नास वर्षांत समजलं नाही. खुर्चीले समजलं होतं. विष्णूचे बाबा हात न टेकता उठले, परत बसले, परत उठले.

"काय खेळ लावला," मी म्हणलं.

"तुले काय होते? माहे गुडघे आहेत, मी खेळीन."

पाचवी खुर्ची खिडकीकडच्या बाजूले होती. ती लेकराची नव्हती. ती आमच्या चारही खुर्च्यांपेक्षा उंच होती, रुंद होती, अन् तिचा खळगा खोल होता. विष्णू बसून पाह्याले गेला तं त्याच्या टाचा जमिनीले लागल्या नाहीत.

"पाहुण्यांसाठी केली असेन," तो म्हणाला. "सहा फुटी पाहुणा आला तं काम येईन."

"तुह्या सासरी कोण आहे सहा फुटी?" त्याचे बाबा म्हणाले. कीर्ती पण हासली.

चार खुर्च्यांचं पॉलिश कोरं होतं. पाचवीच्या पाठीच्या वरच्या कडेले एका जागी वेगळी चकाकी होती. रोज कोणी तिथं हात टेकवून उठलं का वर्षानुवर्षांत येते, तशी. मी पदरानं पुसून पाह्यलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

मी ठरवलं का लाकूड जुनं असेन. स्वस्तात असं सागवान येते कुठून? कुण्या मोडलेल्या घरातलं दार-चौकट असेन. हे कारण मले पुरलं. आठवडाभर पुरलं.

४

शेजारची मोना दुपारी, आमचं जेवण उरकल्या उरकल्या, डबा परत द्याले आली. टेबल पाहून लय खुश झाली, किंमत ऐकून अजून खुश झाली, अन् नेमकी पाचव्या खुर्चीत बसली. बसली तशी उठली.

"काकी, इसमें कोई बैठा था क्या?"

"कावून?"

"गरम है. जैसे अभी-अभी कोई उठा हो."

"खिडकी की धूप है," मी म्हणलं. वैशाखाचं ऊन होतं, भिलाईचं. खरं म्हणजे जेवणाच्या वेळेले ऊन त्या खिडकीत नसते, ते चारनंतर येते. पण मोनाले ते माहीत नव्हतं, अन् मी त्या दिवशी विचार केला नाही.

मंग आवाज. आम्ही एक वाजता जेवतो. रेल्वेची सवय, विष्णूच्या बाबांच्या घड्याळात एकच्या मांगं-पुढं काही नसते. पहिला घास उचलला का पाचव्या खुर्चीतून लाकडाचा आवाज येई. एकदाच. कोणी जड माणूस सावकाश टेकलं का येते तसा. जेवण झालं, आम्ही हात धुवाले उठलो, का परत एकदा.

नवं लाकूड वाजते. उन्हाळ्यात तं वाजतेच. क्वार्टरातलं दार रात्रभर वाजे. पण ते दार आमच्या घासाची वाट पाहत नव्हतं.

विष्णूच्या बाबांले कमी ऐकू येते. आवाज त्यांले येत नव्हता, म्हणून मी त्यांले काही बोलली नाही. पण पॉइंट्समनचा हात आहे. ते म्हणत, रुळावर तळवा ठेवला का गाडी दिसायच्या आधी समजते. एका दुपारी घास घेता घेता त्यांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला. ठेवला अन् तसाच राहू दिला.

"कोण आलं?" त्यांनी इचारलं.

"कोणी नाही. जेवा."

"बसलं ना आता कोणी," ते म्हणाले, अन् वरणाची वाटी जवळ ओढली.

त्याच आठवड्यात कीर्तीनं पाच ताटं मांडली. मी पाह्यलं, ती भात वाढून राहिली होती, पाचही ताटांत. मी काही म्हणायच्या आत तीच थबकली. "अरे, मैं भी ना," म्हणाली अन् ताट उचलाले गेली. मी म्हणलं राहू दे, नंतर गाईले घालू. चार ताटांतल्या भातावर वाफ होती. पाचव्या ताटातला भात त्याच पातेल्यातला, त्याच वेळी वाढलेला. त्यावर वाफ नव्हती.

५

कीर्ती स्वतःहून आली माह्याजवळ. मी कपडे घड्या करून राहिली होती. ती पलंगाच्या कडेले बसली.

"आई, एक सांगू? रागावू नका."

"सांग ना."

"जेवताना हलत नाही."

तिले म्हणायचं होतं ते मले समजलं. मी घडी मोडली नाही. "पोट भरलं का लेकरं झोपतात."

"नाही आई. जेवाच्या आधी लाथा मारते. पहिला घास घेतला का एकदम पोट हलकं होते. जसं किसी ने थैला उठा लिया. हात धुतले का परत जड. रोज. घड़ी देखकर."

"डॉक्टरीणबाई काय म्हणते?"

"सब ठीक. पण त्या अकरा वाजता पाहतात ना, आई. एक वाजता कोण पाहते?"

तिचा चेहरा साधा होता. दुसऱ्या खेपेले जसा होता तसा. तवाही ती रडली नव्हती, फक्त प्रत्येक गोष्टीची वेळ सांगत होती.

दुसऱ्या दिवशी विष्णू ड्यूटीवर होता. मी आपली जागा सोडली अन् कीर्ती अन् पाचव्या खुर्चीच्या मधात स्टूल घेऊन बसली. डावा हात कीर्तीच्या पोटावर ठेवला. एकले पाच कमी होते, अन् लेकरू चांगलं उसळून राहिलं होतं. मंग कीर्तीनं वरण-भाताचा घास तोंडात घातला.

लाकूड वाजलं. माह्या हाताखालचं पोट सैल पडलं. गोळा कुठंच नव्हता. माही स्वतःची चार बाळंतपणं झाली, सुईणीसंग अजून किती पाह्यली त्याले मोजणी नाही. असं पोट मले फक्त बाळंतीण झालेल्या बाईचं माहीत आहे.

कीर्ती माह्या तोंडाकडं पाहत होती. मी तोंड बदललं नाही.

उजवा हात मी पाचव्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवला. कावून ठेवला, सांगता येत नाही. लाकूड अंगासारखं गरम होतं. मी तसाच राहू दिला. अन् खालून, लाकडाच्या आतून, एक टाच माह्या तळव्याले लागली. हळूच सरकली अन् परत लागली.

टाच मी ओळखते. चारदा आतून ओळखली आहे. ही माह्या पूर्ण तळव्याएवढी होती.

"आई?" कीर्ती म्हणाली.

"जेव बाई. सावकाश जेव. घाई नाही."

सगळ्यांचं होईपर्यंत मी हलली नाही. मंग रोजच्यासारखं म्हणलं, "झालं? चला, हात धुवा." खुर्ची वाजली. माह्या डाव्या हाताखाली पोट भरून आलं.

६

सकाळी ऑटो करून मी एकटीच वैशाली नगरात गेली. घर होतं तिथंच होतं, श्यामराव होता तिथंच होता. पलंगाच्या पायाले पॉलिश पेपर घासून राहिला होता.

"पाचवी खुर्ची वापस घ्या," मी म्हणलं.

"कावून मावशी? बरोबर बसत नाही का?"

"बसते. म्हणूनच."

तो घासत राहिला. "कोणत्या वेळी बसते?"

"जेवाले."

"मंग बरं आहे ना. पोटभर जेवू द्या. जेवत्याले ताटावरून उठवत नाहीत, हे तुमाले मी काय सांगू?"

"ते आहे कोण?"

"गिनती तुम्ही सांगतली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. "मी फक्त वाळू मोडली नाही."

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. पेटी दिसत होती. तिच्यावर ते पातळ फडकं टाकलेलं, मधात खाली गेलेलं. महिना उलटून गेला होता, वैशाख होता, पंखा सुरू होता. फडकं अजून ओलं होतं. मी आत गेली नाही.

घरी आल्यावर मी रोज पाच ताटं मांडाले लागली. कीर्तीनं इचारलं नाही. विष्णूच्या बाबांनीही इचारलं नाही, ते फक्त जेवताना डावा हात टेबलावर ठेवत. आम्ही तिघं मिळून हळू जेवाले शिकलो. मनात एकच गोष्ट होती. आठवा सरावा, नववा सरावा, अन् ते एक दिवस जेवण करून आपल्या जागी वापस यावं अन् मंग बाहेर यावं. दुसरं काही मागणं नव्हतं.

७

विष्णूले आम्ही सांगतलं नाही. ही आमची चूक, कारण तो आपल्या डोळ्यानं पाहत होता ते त्याले दुसरंच दिसत होतं. रिकाम्या खुर्चीसमोर ताट, बायको मुकी, माय त्या खुर्चीकडं पाहून म्हणते, "झालं?"

"तू तिले भीती भरवून राहिली आई," तो एक दिवस म्हणाला. "दो बार हो चुका है. तिसऱ्यांदा तुह्या ह्या धंद्यानं काही झालं तं?"

"खुर्ची राहू दे बापा. आषाढापर्यंत राहू दे."

"आषाढात काय, मुहूर्त आहे का?"

त्यानं खुर्चीचा फोटो काढला अन् मोबाईलवर टाकला. अशी खुर्ची, अशा किमतीत, दोन दिवसांत दुर्गचं गिऱ्हाईक मिळालं.

ती ज्येष्ठातली पहिली वावटळ होती. आम्ही जेवाले बसलो, पहिला घास झाला, खुर्ची वाजली, अन् वर गच्चीवर माह्या वड्यांची चादर फडफडाले लागली. मी वर गेली. वड्या गोळा केल्या, चादरीले गाठ मारली. खाली टेम्पोचा आवाज आला, तो मले गल्लीतला वाटला.

खाली आली तं चार खुर्च्या होत्या.

कीर्ती ताटात हात घालून बसली होती. चेहरा राखेसारखा. विष्णूचे बाबा दोन्ही तळवे टेबलावर दाबून उभे होते. अन् विष्णू दाराची कडी लावून राहिला होता, काम झाल्यासारखा.

"टेम्पोवाला आ गया था," तो म्हणाला. "एक मिनिट का काम था. जेवा तुम्ही."

"आई," कीर्ती म्हणाली, "मले खाली खाली लागून राहिलं."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. काहीच नव्हतं. मी म्हणलं, "हात धुऊन पाह्य." तिनं धुतले. काहीच नव्हतं. विष्णूले मी ओढलं अन् त्याचा हात तिथं ठेवला. सात-आठ महिन्यांच्या पोटावर नवऱ्याचा हात कितीदा गेला असेन. त्याले सांगायची गरज पडली नाही. त्याचे ओठ पांढरे झाले.

"दवाखाना," तो म्हणाला.

"आधी खुर्ची. फोन लाव त्याले."

"आई, पागल झाली का—"

"लाव बे!" त्याचे बाबा म्हणाले. रेल्वेची नोकरी सुटल्यापासून त्यांचा असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. "तवर मी बसतो हिच्याजवळ. मोनाले हाक मार. लाव!"

टेम्पोवाल्याचं नाव चंदन. फोनवर त्याचा आवाज वैतागलेला होता. "भैया, सुपेला में खड़ा हूँ. गाड़ी खींच ही नहीं रही. एक कुर्सी का लोड है और ऐसे बैठ गई है जैसे लोहे का सरिया लादा हो."

मी पाचवं ताट उचललं. वरण-भात होता तसा होता. त्यावर तूप अजून वाढलं, दुसरं ताट झाकलं, पाण्याचा तांब्या घेतला, अन् विष्णूच्या स्कूटरवर मांगं बसली.

८

सुपेल्यात दुपारच्या उन्हात रस्त्याच्या कडेले टेम्पो उभा होता. मागची दोन्ही चाकं दबलेली. चंदन बोनेट उघडून पाहत होता, त्याले मांगं पाह्याचं काही कारण नव्हतं. ट्रॉलीत एकटी खुर्ची, दोरीनं बांधलेली, पाठ आमच्याकडं. पाठीच्या वर काही दिसत नव्हतं. उन्हामुळं ट्रॉलीच्या पत्र्यावर खुर्चीची सावली पडली होती. पायांच्या चार सावल्या दिसत होत्या. दोन अजून होत्या, त्यांच्या पुढं, जाड. त्यांच्याकडं मी एकदाच पाह्यलं.

"चढव मले वर," मी विष्णूले म्हणलं.

लोक पाहत होते. उसाचा रसवाला चरकाचं चाक फिरवायचं थांबला. चंदन म्हणाला, "अम्मा, क्या कर रही हो?" विष्णू त्याले म्हणाला, "पैसे घे तू, पर चूप बैठ." अन् त्यानं मले खांद्यानं टेकू दिला.

ताट मी खुर्चीसमोर ठेवलं, झाकण काढलं. भात कालवला, जसा कीर्ती कालवते तसा, सारं तूप मुरवून. मंग तिथंच बाजूले, तापलेल्या पत्र्यावर, बसून राहिली. डोळे ताटावर नव्हते, आपल्या पायांवर होते. किती वेळ, माहीत नाही. रसवाल्याचं घुंगरू परत वाजाले लागलं. विष्णूच्या मोबाईलवर दोनदा त्याच्या बाबांचा फोन आला अन् त्यानं उचलला नाही.

ताटाची कड पत्र्यावर हलली. जेवण झालेलं माणूस ताट जरासं सरकवते, तेवढीच.

"झालं?" मी म्हणलं. "चाल. हात धू."

तांब्यातलं पाणी मी ट्रॉलीच्या कडेवरून ओतलं, सावकाश, धार मोडू दिली नाही. शेवटच्या थेंबानंतर खुर्ची वाजली. मंग टेम्पो मांगून उचलला गेला, स्प्रिंगांसहित. चंदन बोनेटमधून वर पाहाले लागला. "हो गई ठीक," तो म्हणाला, "अपने आप."

"खुर्ची ने तू," विष्णू त्याले म्हणाला.

मी स्कूटरवर बसली. मांगं जरासी जागा सोडून बसली. विष्णूनं किक मारली, गाडी निघाली अन् लगेच डगमगली.

"आई, इतनी भारी कब से हो गई तू?"

"चाल तू. पुढं पाह्य."

सुपेल्यापासून हुडकोपर्यंत मी मांगं पाह्यलं नाही. विष्णूनंही आरशात पाह्यलं नसेन, कारण एका वळणावर त्यानं आरसा हातानं आतल्या बाजूले वळवला. गतिरोधकावर स्कूटरचं मागचं चाक मडगार्डले घासे. माह्या मानेवर कोणी श्वास सोडला असं मी म्हणणार नाही, ऊन होतं, गरम हवेची लू होती. पण उजव्या खांद्यावर हात होता. गाडीवर मांगं बसलेलं माणूस तोल जाऊ नये म्हणून ठेवते तसा. पंजा रुंद होता, बोटांच्या मुळाशी घट्टे होते, पदरातून टोचत होते. आमच्या घरात असे घट्टे कोणाले नाहीत. कीर्तीच्या माहेरीही नाहीत.

मी तो हात झटकला नाही. वाटेत एक-दोनदा तो सैल पडला तं मीच खांदा मांगं केला.

कीर्ती फाटकात उभी होती. मोनानं तिले धरून ठेवलं होतं. स्कूटर थांबली, विष्णूनं पाय टेकवला. कीर्तीच्या तोंडावर अजून काहीच नव्हतं. ती माह्याकडं पाहत होती.

मंग माह्या खांद्यावरचा हात निघाला. स्कूटर वर आली. कीर्तीनं दोन्ही हात पोटावर ठेवले, अन् हासली.